आक्कांचा पहिला प्रश्न

११ डिसेंबर. संध्याकाळच्या बैठकीला न्यायचे पाण्याचे दोन जार घासायला घेतले. आत हात जात नाही, म्हणून मूठभर तांदूळ आणि कोमट पाणी घालून ते खळखळवायचे, ही आक्कांची पद्धत. आक्का गेल्या महिन्यात मुलाकडे बंगळूरला राहायला गेल्या. जार माझ्याकडे आले.

भेटलेल्या कुठल्याही बाईला आक्कांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "आज लघवीला कितीदा गेलीस?" सासरी निघालेल्या नवरीला त्यांनी तो विचारला. बँकेतल्या कॅशियरबाईंना काचेच्या भोकातून विचारला, आणि मागे रांग उभी होती. कॅशियरबाईंनी लाजत दोन बोटं दाखवली. "दोनदाच? मग डोकं दुखणारच की," आक्का म्हणाल्या. डोकं खरोखरच दुखत होतं.

पलूसजवळच्या आमच्या छोट्या संस्थेत आम्ही दोघी 'वेलनेस कोच'. काम द्राक्षबागांत मजुरीला जाणाऱ्या बायकांचं. रक्तदाब मोजायचा, खाणंपिणं विचारायचं, गरज पडली तर दवाखान्यात न्यायचं, कुणी गोळ्या मध्येच सोडल्या तर तिच्या मागे लागायचं. वस्तीत पहिल्याच दिवशी एकीनं विचारलं, "कोच म्हंजे कबड्डीच्या का?" आक्कांनी पदर खोचला. "व्हय. चल, दम किती हाय बघू." दहा पावलांत ती धापा टाकायला लागली. तिथेच दगडावर बसवून तिचा रक्तदाब मोजला. मी मलकापूरची, इथे नवखी; मला आधी वही काढायची सवय. आक्का आधी हसवायच्या, वही नंतर.

त्या जैन घरातल्या. सूर्यास्तानंतर अन्नपाणी बंद. बैठक मात्र बायका बागेतून आल्यावर, म्हणजे दिवेलागणीला. त्यामुळे वाटेत मागच्या सीटवरून रोज माझ्या खांद्यावर थाप पडायची, "थांबव गं, सूर्य चाललाय!" मग उसाच्या ट्रॉल्यांची धूळ चुकवत, रस्त्याच्या कडेला, स्कूटरच्या सीटवरच डबा उघडायचा. चार घास मलाही जबरदस्तीनं. मला त्या वेळी भूक नसते, हे त्यांना कधीच पटलं नाही.

शालन ही विरळणीच्या टोळीची मुकादम. विरळणी म्हणजे घडातले जादा मणी कात्रीनं काढायचे. दिवसभर हात वर. गेल्या हंगामात तिला वर्षात तिसऱ्यांदा लघवीचा जंतुसंसर्ग झाला, थंडीताप आला. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर आता मूत्रपिंडावर जाईल. आक्का रोज सांगायच्या, "दिवसा पाणी पी." ती रोज मान हलवायची. एका संध्याकाळी तिनं ग्लास भरून आक्कांपुढे धरला.

"आदी तुमी प्या."

"मी न्हाई पीत आता. सूर्य बुडाला."

"तुमी सूर्य बुडाल्यावर पीत न्हाई, आमी सूर्य हाय तवर पीत न्हाई. बागंत पाणी पिऊन जायाचं कुठं? मालकाच्या संडासाला कुलूप हाय."

"कुणाच्या बागंत?"

"आवं, तुमच्याच की आक्का."

बायका खो खो हसल्या. आक्का हसल्या नाहीत. चार वर्षं त्या वस्तीत पाणी प्या म्हणून सांगत होत्या, आणि घरच्या बागेतलं कुलूप त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या थोरल्या दिरांपुढे, अण्णांपुढे, बागेत जाऊन बसल्या. मी साक्षीला.

"किल्ली द्या."

"घरच्या माणसांसाठी हाय ते," अण्णा म्हणाले.

"बरं." आक्कांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि सगळा पिऊन टाकला. दुसरा मागवला. "आता मी शालनच्या टोळीतली समजा. मी कुठं जाऊ, तुमीच सांगा." तिसऱ्या तांब्याला अण्णांनी हसू दाबत खिशातून किल्ली काढली. त्या हंगामात शालनला पुन्हा ताप आला नाही.

यंदा ती टोळी दुसऱ्या बागेत गेली. आजच्या बैठकीत शालन कोपऱ्यात बसून म्हणाली, "चार दिस झालं, ताई, परत पाणी बंद केलंय. तिथंबी कुलूपच. कालपास्नं जळजळतंय." उद्या काम सुटल्यावर दवाखान्यात जायचंच, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं. पण गोळ्यांनी कुलूप उघडत नाही. त्या मालकाची मी ना भावजय, ना शेजारीण. मी तिथूनच आक्कांना स्पीकरवर फोन लावला.

"मी काय करू हितनं? तू हायस की," त्या म्हणाल्या. मागे नातवंडांचा दंगा चालला होता. "आन् एक ध्यानात ठेव. विरळणी एक दिससुदिक थांबत न्हाई."

मी शालनकडे पाहिलं. तिनं फोनवरचं सगळं ऐकलं होतं. तिनं टोळीकडे पाहिलं.

१२ डिसेंबर. सकाळी साडेसातला मी टोळीबरोबर टेम्पोत चढले. बागेच्या दारात टेम्पो थांबला. अकरा बायका आणि मी. कुणीच उतरलं नाही.

"उतरा की," मालक म्हणाला. "मणी फुगत्यात तिकडं."

"उतरतो की, दादा," शालन बसल्या जागेवरून म्हणाली. "आदी संडास दावा."

त्यानं घड्याळाकडे पाहिलं, मग घडांकडे पाहिलं, आणि घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली, "किल्ली आण गं!"