गुरुवारी तपासलेला काटा

हेमांगीला आमच्या कंपनीत सगळे ‘सर्व्हरवाली’ म्हणतात. मनोरहून स्कूटी हाणत येते, डब्यात भाजी आणते आणि पोळ्या घरी विसरते, आणि समोरचा जितका आवाज चढवेल तितकी ही हळू बोलते. मला आधी तिच्या त्या हळू बोलण्याचाच राग यायचा. मी डिस्पॅचला, सालवडहून येते, नाव शैला, आणि तोंडाची फटकळ आहे. कुणाला विचारायला नको, मीच सांगते.

आमच्याकडे कापडाचे रंग बनतात. माल भरायला ट्रक आला की गेटवरच्या वजनकाट्यावर आधी रिकामा तोलायचा आणि जाताना भरलेला. काट्याच्या केबिनमध्ये नरहरी काका. पाम गावचे, घरी चिकूची वाडी, आणि मी लागले तेव्हाही याच खुर्चीत होते. वजन स्थिर झालं की बटण दाबायचं, पावती निघते. एवढंच काम, पण काकांच्या हातून कधी चूक झाल्याचं कुणाला आठवत नाही.

मग कंपनीने गेटचा, हजेरीचा, हिशेबाचा असे जुने कॉम्प्युटर काढले आणि सगळं एका मोठ्या सर्व्हरवर आणलं. मशीन एकच, पण त्याच्या पोटात अनेक कॉम्प्युटर असल्यासारखे चालतात. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. काट्याचंही त्यातलंच एक. गेटवर नवे कॅमेरे बसले, गेटवर हालचाल झाली की त्यांचं चित्रीकरणही काट्याच्याच मशीनमध्ये जायला लागलं.

आणि काकांच्या पावत्या दोन-दोन निघायला लागल्या. एकच वजन, दोन पावत्या. हिशेबवाले चिडले, रांगेतले ड्रायव्हर ‘चाचा, सो गए क्या’ म्हणून हॉर्न दाबायला लागले. काका कुणाला उलट बोलले नाहीत. मला एकदा जिन्यात गाठून म्हणाले, “शैला, मी बटण दाबतो, नि दाबलं का नाय तेच माज्या ध्यानात ऱ्हात नाय. माजं डोकं चाललं वाटतं.” काकांच्या मोठ्या भावाचं असंच झालं होतं, शेवटी त्याला घरचा रस्ता आठवेना.

आमचे मॅनेजर चंद्रभान साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी हेमांगीला मशीन तपासायला सांगितलं. तिने तपासलं, एकदा नाही, तीनदा. प्रत्येक वेळी लिहून दिलं की मशीन ठीक आहे. मग साहेबांनी ठरवलं, काकांना गोदामात बसवायचं, तिथे बटण नाही.

माझं डोकं फिरलं. मी तडक सर्व्हरच्या खोलीत गेले आणि हेमांगीला विचारलं, बाई, तू तपासतेस तरी कधी? ती म्हणाली, शुक्रवारी. आमच्याकडे शुक्रवारी सुट्टी. चालू मशीनला हात लावायचा नाही हा कंपनीचा नियम, म्हणून कॉम्प्युटरची सगळी कामं शुक्रवारीच. मी कपाळावर हात मारला. अगं, शुक्रवारी गेटवर कुत्रं नसतं! सुट्टीच्या आधी माल बाहेर काढायचा म्हणून सगळे ट्रक गुरुवारी दुपारनंतर तुटून पडतात. लग्न उरकल्यावर मांडवात जाऊन गर्दी मोजतेस होय?

तिचं तोंड एवढंसं झालं. पण पुढच्याच गुरुवारी ती लॅपटॉप घेऊन काकांच्या शेजारी स्टुलावर बसली, थेट शेवटचा ट्रक जाईपर्यंत. काकांनी बटण दाबलं, स्क्रीन थिजली. काका थांबले, पुन्हा दाबलं. मग दोन्ही पावत्या एकदम आल्या.

नंतर तिने मला समजावलं. नेटवर्कवरून काही आलं की प्रोसेसरला हाक जाते, इंटरप्ट म्हणतात. त्याने हातातलं काम टाकून ओ द्यायची. खऱ्या मशीनमध्ये हे पटकन होतं. व्हर्च्युअलमध्ये हाक आधी खालच्या खऱ्या मशीनकडे, मग तिथून वर, प्रत्येक वेळी थांबत-थांबत. त्यात काट्याच्या मशीनला चार प्रोसेसर दिलेले, पण नेटवर्कच्या सगळ्या हाका एकट्या पहिल्याला. कॅमेऱ्यांच्या हाकांना ओ देता देता त्याला काकांच्या बटणाकडे बघायला सवडच नाही.

“म्हणजे एक सून राबतेय आणि बाकीच्या जावा टीव्ही बघतायत,” मी म्हटलं. हेमांगी पहिल्यांदाच मोठ्याने हसली.

उपाय तिला सापडला होता. मशीनला जुन्या नमुन्याचं नेटवर्क कार्ड दिलेलं होतं, त्याऐवजी व्हर्च्युअल मशीनसाठीच केलेलं द्यायचं, जे माहितीची बरीच पाकिटं गोळा करून एकाच हाकेत देतं. आणि हाका चारही प्रोसेसरांत वाटायच्या. आठवडाभर तिने काट्याच्या मशीनची नक्कल करून त्यावर खोटी गर्दी सोडून पाहिली. चाललं.

साहेब म्हणाले, छान, शुक्रवारी करून टाक. शनिवारपासून काका गोदामात जाणार होते.

हेमांगी तिच्या त्याच हळू आवाजात म्हणाली, “नाही सर. गुरुवारी करायचं, काका खुर्चीत असताना. नाहीतर शनिवारी काटा नीट चालेल आणि सगळे म्हणतील, म्हातारा गेला आणि काटा सुधारला. मशीन ठीक आहे असं मीच लिहून दिलं होतं, ते चुकीचं होतं.” मी दारात उभी होते. नोकरीत असं कोण बोलतं हो?

साहेब म्हणाले, जेवणाच्या सुट्टीत कर, बिघडलं तर जबाबदारी तुझी.

तिने जेवणाच्या सुट्टीत काटा बंद केला, कार्ड बदललं, चालू केला. दुपारी ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत गेली. साहेब केबिनच्या दाराशी, मी खिडकीशी. काकांनी बटण दाबलं आणि लगेच पावती आली. काकांचं बोट सवयीने पुन्हा बटणाकडे गेलं.

“नका दाबू काका,” हेमांगी म्हणाली. “आली.”

दुसरा ट्रक, तिसरा, मग मोजायचं सोडून दिलं. साहेब ऑफिसात गेले आणि थोड्या वेळाने त्यांनी फोनवर सांगितलं की काका काट्यावरच राहतील. पण काकांचं लक्ष त्यात नव्हतं. रांग संपल्यावर ते हेमांगीकडे वळले.

“म्हंजे पोरी, स्क्रीन थांबायची म्हनून मी दोनदा दाबायचो? इसरायचो नाय?”

“नाही काका. तुमचं काहीच चुकलं नव्हतं.”

काकांनी खिशातून फोन काढला आणि घरी बायकोला, मैनाबाईंना, लावला. “ऐक, आजपासून गॅस मी पेटवीन. मीच तुला सांगितलं होतं ना, मला शेगडीपाशी येऊ देऊ नको, चालू ठेवून इसरेन नि घर पेटवीन म्हनून. तसं काय नाय. मी बरा हाय.”

पलीकडून रडण्याचा आवाज आला. हेमांगी लॅपटॉप आवरत होती, तिला चार्जर दिसेना. मी तिच्या हातात दिला.