देवरे मॅडम आणि पारोळ्याचा राउटर

धुळ्याच्या तंत्रनिकेतनात मी संगणक विभागात रुजू झाले, त्या दिवशी विभागप्रमुख कुमुदिनी देवरे मॅडमांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरच्या राउटरचा मूळ पासवर्ड बदललात का?" मी अभिमानाने हो म्हटले. "आणि पासवर्ड न टाकता आत जाता येतं का, ते पाहिलंत?" ते कधी सुचलेच नव्हते. "बसा, चहा घ्या. मग पाहू," त्या म्हणाल्या. मॅडमांची साठी पूर्ण होत असताना हे आवर्जून आठवते, कारण पुढे याच प्रश्नावर माझ्या भावाची अब्रू अवलंबून राहिली.

धाकटा हेमंत पारोळ्याला शिक्षक आहे. काही वर्षांपूर्वी त्याच्या मुख्याध्यापिकांना अश्लील, धमकीचे निनावी संदेश येऊ लागले. पोलिसांनी माग काढला, तो थेट हेमंतच्या घरच्या इंटरनेटपर्यंत पोहोचला. शाळेने त्याला निलंबित केले. आईने शेजारी जाणे सोडले. मी मॅडमांना सांगितले आणि दुसऱ्या दिवशी त्या एसटीने पारोळ्यात हजर झाल्या.

आईने त्यांचा हात धरला. "मना पोऱ्या तसा नही शे, ताई."

मॅडम पिंपळनेरच्या. त्याच बोलीत म्हणाल्या, "माय, मी आधी देखस, मंग सांगस." खोटा दिलासा त्यांनी कधीच कुणाला दिला नाही.

राउटर तिथल्याच एका इंटरनेटवाल्याने बसवलेला होता. समोरचे कापड दुकानदारही त्याचेच ग्राहक, आणि त्याच्या सगळ्या ग्राहकांचे राउटर एकाच जाळ्यात जोडलेले, त्यामुळे एकाकडून दुसऱ्याच्या राउटरपर्यंत पोहोचता येत होते. त्यांच्या दुकानात बसून, हेमंतच्या परवानगीने, मॅडमांनी तपास अधिकाऱ्यांना हेमंतच्या राउटरचे लॉगिनचे पान उघडून दाखवले. पान पासवर्ड मागत होते. पण आतल्या पानाचा पत्ता थेट टाकला की ते काहीही न विचारता उघडत होते. तिथे हेमंतच्या वाय-फायचा पासवर्ड स्पष्ट वाचता येत होता.

"म्हणजे गल्लीतला कोणीही यांच्या इंटरनेटवरून संदेश पाठवू शकतो?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"हो. हेमंतनी पाठवले नाहीत, हे मी सिद्ध केलेलं नाही. त्यांनीच पाठवले, असं यावरून म्हणता येत नाही, एवढंच."

तपासाची दिशा बदलली. मागच्या घरातल्या एका भाडेकरूच्या फोनमध्ये ते संदेश सापडले. हेमंत कामावर परतला, पण गावातली कुजबुज थांबेना. सगळा प्रकार वर्तमानपत्रात द्यायचे त्याने ठरवले. मॅडमांनी अडवले. "तसेच राउटर कितीतरी घरांत आहेत. दुरुस्ती होईपर्यंत नाही."

"तत्त्व तुमचं आणि नाव माझं खराब," हेमंत म्हणाला.

"माझ्यावर रागवा. चालेल मला."

मी तेव्हा भावाच्या बाजूने होते. मॅडमांचा हट्ट मला आजही पूर्ण पटलेला नाही. पण त्या दर आठवड्याला इंटरनेटवाल्याकडे जात राहिल्या, हे मी पाहिले आहे. "पान पासवर्ड विचारतं ना, मॅडम? मग झालं," असे म्हणून तो आधी त्यांना वाटेला लावी. शेवटी त्याने राउटर बनवणाऱ्यांकडून दुरुस्ती मागवली आणि सगळ्या ग्राहकांकडे ती बसवली.

त्यानंतरच्या पालकसभेत मॅडम स्वतः उभ्या राहिल्या. काय घडले, ते बायाबापड्यांनाही समजेल अशा भाषेत सांगितले आणि म्हणाल्या, "दुरुस्तीसाठी मी यांना गप्प बसवलं. तेवढे दिवस तुमची बोलणी यांनी सोसली, तुमच्याच घरांसाठी." हेमंत शेवटच्या रांगेत बसला होता. मुख्याध्यापिका व्यासपीठावरून उतरल्या, त्याच्यापाशी गेल्या आणि त्याला सोबत घेऊन पुढे आल्या. आई पदराने डोळे पुसत होती.

मॅडमांचे गुडघे आता कुरकुरतात, तरी कुणी बोलावले की त्या निघतात. त्या गुडघ्यांना बळ मिळो, मॅडमांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि त्यांच्याशी वाद घालायची संधी आम्हा सहकाऱ्यांना पुढेही वर्षानुवर्षे मिळो. हा लेख मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "ताईले सांग, तिले मनं बी आयुष्य भेटो."