बळीरामचं कोठार

चांदीपच्या बळीरामची दहाही बोटं शाबूत आहेत, आणि त्याचं श्रेय तो आपल्या संशयी स्वभावाला देतो. कामणच्या बाजूला दगडाच्या खाणीत त्याने बावीस वर्षं सुरुंग लावले. "जिलेटिनच्या कांडीवर भरोसा ठेवनारे दोघं माझ्यासमोर गेले, नटसाहेब," तो मला सांगतो. मी तीस वर्षं नाटकांत होतो, म्हणून त्याचा मी नटसाहेब.

गेल्या वर्षी त्याच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टर एलिसाबाईंनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या. पहिल्याच गोळीने दुखणं थांबलं, पण डोकं ठणकायला लागलं. ही डोकेदुखी बळीरामच्या ओळखीची होती. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कांड्या हाताळल्या की हीच!

त्याने थेट दवाखाना गाठला. "बाई, खरं सांगा, यात काय घातलंय? डोकं तर सुरुंगाच्या कांडीवानीच ठनकतंय."

बाई हसल्या. "कांडीतलंच नायट्रोग्लिसरीन, पण कणभर. त्यातून रक्तवाहिन्यांत नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. वाहिन्या सैल होतात, हृदयाला रक्त मिळतं. शरीर ते स्वतःही बनवत असतं."

बळीरामने फक्त पहिलं वाक्य ऐकलं. घरी येताच बाटली गोणपाटात गुंडाळून शेताच्या टोकाला पंपाच्या खोलीत ठेवली.

"बाबा, गोळी खिशात ठेवायची असते," सून जागृती म्हणाली.

"खानीत दारूचं कोठार वस्तीपासून लांब असतं. घरात चूल हाय, पोर हाय."

एका दुपारी मी त्याच्या ओट्यावर बसलो होतो. रंगमंचावर मी छाती धरून शेकडो वेळा कोसळलोय, टाळ्याही घेतल्यात. बळीराम मात्र बोलता बोलता नुसता गप्प झाला. कपाळावर घाम. जागृती अनवाणीच शेतातून पंपाच्या खोलीकडे धावली. ती परत येईपर्यंत मी त्याचा हात धरून होतो. तो थंड पडत चालला होता. गोळी जिभेखाली गेली, आणि काही मिनिटांनी त्याने डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी, तो दवाखान्यातून आल्यावर, गोळी फुटत नाही हे पटवायला मी त्याच्यादेखत एक गोळी चुलीत टाकायचं ठरवलं. त्याने आधी बाकी सगळ्यांना फणसामागे पिटाळलं. "बाजूला व्हा! बार लागलाय!" अख्खी आळी गोळा झाली.

मी गोळी चुलीत टाकली. काहीच झालं नाही.

"दमट असंल," बळीराम म्हणाला.

"दमट?" जागृतीचा तोल सुटला. धसकटांनी फाटलेले पायांचे तळवे तिने त्याच्यासमोर धरले. "पुढल्या वेळी मी पोचले नाही, तर पोरीला काय सांगू? आजोबा गोळीला घाबरले म्हणून?"

बळीरामने त्या तळव्यांकडे बघितलं. मग त्याने बाटली सदऱ्याच्या डाव्या खिशात घातली आणि वरून बटण लावलं.

इतक्यात नात मांडीवर चढायला आली. त्याने तिला अडवलं, क्षणभर विचार केला, आणि उचलून घेतलं.

"बस. पन उजव्या बाजूला."