बोटं जाड नव्हती

वसई पूर्वेला पितळेच्या व्हॉल्व्हचं एक वर्कशॉप आहे. तिथे चंद्रहास राऊतच्या हातचा तंबाखू-सुपारीचा मावा मिळणं म्हणजे मान होता. सांडोरच्या वाडीतला हा गडी लेथवर तरबेज आणि मावा घोटण्यात तर उस्ताद. नवा कामगार आला की पहिली चिमूट चंद्रहासची. नाही म्हणणाऱ्याला आठवडाभर एकट्यानेच डबा खावा लागे. असला हा पाहुणचार!

ऑफिसातल्या हेमांगी मॅडमनी एकदा जेवणाच्या सुट्टीत पुरुषांच्या आरोग्यावर बोलायला डॉक्टर बोलावले. सगळे बहाद्दर मागच्या भिंतीला चिकटले. "तोंड किती उघडतं ते बघू. तीन बोटं उभी धरून तोंडात घाला," डॉक्टर म्हणाले. कोणी हलेना. मॅडमची फजिती बघवेना म्हणून चंद्रहासच पुढे झाला. त्याची दोनच बोटं गेली.

"कामाची बोटं आहेत डॉक्टर, जाड आहेत." हशा पिकला.

शेजारच्या लेथवरचा स्टॅनी त्याच्याहून दांडगा. त्याने एका उपवासकाळात मावा सोडला, तो पुन्हा धरलाच नव्हता. त्याची तीन बोटं सहज गेली. चंद्रहासने पुन्हा घालून पाहिली, दोनच. कित्येक वर्षं तो वडापाव दाबून चपटा करूनच खात होता. पोरं त्याला चंदूदादाची स्टाइल म्हणत.

डॉक्टरांना त्याच्या गालात आत पांढरा चट्टा दिसला. तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंत त्याला घास गिळवेना. प्रेमलता, त्याची बायको, समोर बसून भात कालवून द्यायची आणि स्वतः उपाशी उठायची. तो घाबरला होता, चांगलाच घाबरला होता.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, पण दारापर्यंत आला होता. चट्टा काढला, मावा सुटला, तोंडाचे व्यायाम सुरू झाले. भीती गेली तशी चंद्रहासला चीड आली. एवढ्या जणांना आपणच हे चारलं, तर आता आपणच निस्तरायचं.

डॉक्टर पुन्हा सगळ्यांच्या तपासणीला आले तेव्हा त्याने जेवणाच्या सुट्टीची वाट पाहिली नाही. भर कामात मेन स्विच खाली ओढला आणि सगळ्यांना रांगेत उभं केलं. भिंतीला चिकटायला कोणाची टाप नव्हती. मालक मितेश शेठ केबिनमधून धावत आले.

"लाइट गेली काय?"

"मी घालवली, शेठ. तपासणी झाली की लावतो."

शेठच्या गालात सुपारी होती. त्यांनी रांगेकडे पाहिलं, चंद्रहासकडे पाहिलं आणि गुपचूप स्टॅनीच्या मागे उभे राहिले.

"असं नाही चालणार," चंद्रहास म्हणाला, "आधी चूळ भरून या."

आणि शेठ चूळ भरून आले.