धाकटी पोचेपर्यंत

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी पहिली मी. पेडगावहून रोज एसटीत उभी राहून परभणी गाठली आणि भूगोल घेऊन बी.ए. झाले. धाकटी बहीण बारावीला दोनदा बसली. पण टोरांटोचं स्थळ तिला आलं, मला पाथरीचं. जळते का? जळते. खोटं कशाला बोलू?

यंदा ती लेकरांना घेऊन आली, राहिली आणि निघाली. तिला निरोप द्यायला मीही माहेरी आले होते. संध्याकाळी जीप फाट्याकडं वळली तसा मी झाडू उचलला. आईनं तो हातातून काढून घेतला.

"पोरगी पोचल्याबिगर केर काढायचा न्हाई."

ही रीत आमच्याकडं आहेच. माणूस घरातून निघालं की ते मुक्कामी पोचेपर्यंत मागं झाडायचं नाही. मानवतला जाणाऱ्याचं ठीक आहे. हिला आधी रेल्वेनं हैदराबाद, तिथून विमानानं दुबई, मग टोरांटो. हैदराबाद ते टोरांटो सरळ रेघ मारली तरी जवळपास तेरा हजार किलोमीटर. दुबईचा थांबा धरला तर नुसते विमानाचेच वीस-बावीस तास.

"तवर घर असंच ठेवायचं?"

"ठिवीन की."

आणि ठेवलं. शेंगांची टरफलं, खोक्यांच्या चिकटपट्ट्या, लेकरांनी सांडलेला चिवडा. मुंग्या देवघरापर्यंत गेल्या. चुलती दारातूनच म्हणाली, "जाऊबाई, पाय कुठं ठिवू?"

"हवेतच ठिव. माझी लेक तशीच चाललीय."

दोघी हसल्या. मला हसू आलं नाही.

मोबाइलवर विमान बघायचं काम अर्थात शिकलेलीकडं.

"कुठवर गेली गं?"

"समुद्रावर हाय."

"खाली नुसतं पानीच?"

"पानीच."

आई हात जोडायची. थोड्या वेळानं परत तेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला निघावं लागलं. धाकटी अजून विमानातच होती. चपला घालता घालता मी विचारलंच, "आई, मी गेल्यावर किती वेळ थांबतीस गं केर काढायला?"

आई गडबडली. मग म्हणाली, "तुजं काय, बाई. तू पोचतीसच."

शाबासकीच होती म्हणा. पण पाथरी येईपर्यंत ती मला टोचत राहिली. एवढ्या वर्षांत माझी एसटी फाट्यावर असतानाच मागं घर झाडून झालेलं असणार.

घरी पोचले. फोन मुद्दामच केला नाही. थोड्या वेळानं आईचाच आला. पहिल्या रिंगला उचलला.

"आई, पोचले मी."

"ते ठाव हाय मला. ती कुठवर आली, सांग."

मी नकाशा उघडला. "उतरली."

"पोचली गं, पोचली!" आई चुलतीला ओरडून सांगत सुटली. फोन बंद करायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. मीही केला नाही. फोनवर कोण आहे, असं तिकडं कुणीतरी विचारेल म्हणून तसाच कानाला लावून बसले.