सरांची जांभळी बॅटरी

अख्ख्या बीड जिल्ह्यात लाईट गेल्यावर खूश होणारा माणूस एकच, आणि ते म्हणजे माझे पीएच.डी.चे गाईड. पेशीत शिरून जस्त शोधेल आणि ते सापडलं की चमकेल असा रंग बनवायचा, हे सरांचं तीस वर्षांचं वेड. माझं तीन वर्षांचं. चमक तपासायला त्यांच्या खिशात अतिनील उजेडाची जांभळी बॅटरी कायम असते. कपिलधारच्या देवळापाशी तिन्हीसांजेला त्यांनी ती सहज दगडांवर मारली, तर एक विंचू हिरवागार चमकला. बायका सरांच्या पाया पडायला लागल्या. सर मात्र विंचवाच्या कवचातल्या रसायनावर बोलत राहिले. आष्टीला पुतणीच्या हळदीत त्यांनी मांडवातले दिवे घालवायला लावले आणि ओरडले, "बघा, नवरी पोपटी चमकायलीय!" चमकते ती हळद, नवरी नव्हे, हे तिच्या सासूला पटवण्यात जेवणं लांबली.

मी नेमकी उलट. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मला दोन भाषांत गप्प बसता येतं.

सर महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. त्याच्या आठ दिवस आधी माझी एक टेस्टट्यूब निळी चमकली. जस्त घातलेली चमकली, बिनजस्ताची अंधारी राहिली. सरांनी बॅटरी मारली, चष्मा पुसला, परत मारली. "पोरी, झालं की गं!" कॉलेजभर पेढे वाटले. निरोप समारंभात सगळ्यांसमोर ही चमक दाखवायचं ठरलं.

समारंभाच्या सकाळी मला उलगडा झाला. बिनजस्ताची ट्यूब नवी कोरी होती. जस्ताची मी धुतलेली, हॉस्टेलवरच्या कपड्यांच्या पावडरने, कारण मला फार स्वच्छ काम आवडतं. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून त्या पावडरीत जे घालतात, ते अतिनील उजेडात निळंच चमकतं. तशाच धुतलेल्या ट्यूबमध्ये मी नुसतं पाणी भरून पाहिलं. तेही चमकलं.

सांगायचं वाक्य मी आधी इंग्रजीत तयार केलं, मग मराठीत, आणि सरांसमोर जाऊन रडले.

"कावून रडायलीस? कोण काय बोललं?"

"सर, ती चमक रंगाची नाही. धुण्याच्या पावडरची आहे."

सरांनी त्या ट्यूबवर बॅटरी मारून पाहिली. मग म्हणाले, "घासलीस लई, विसळलीस कमी."

संध्याकाळी त्यांनी सभागृहातले दिवे घालवायला सांगितले आणि नीट धुतलेल्या ट्यूबमध्ये आमचा रंग आणि जस्त घेऊन ती वर धरली. जांभळ्या उजेडात ती काळीच राहिली. "बघून घ्या," सर म्हणाले, "पेढे तुमी आधीच खाल्लेत, पण हे अजून चमकत न्हाई. तीस वर्षांत इथवर आलोय." कार्यक्रम संपला असं वाटून लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं नाव त्यांनी घेतलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेले, तर सर बाह्या दुमडून बेसिनपाशी उभे. ट्यूबा विसळत होते.

"आता रिकामाच हाय. तू रंग बनव, धुण्याचं मी बघतो."

मी त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि ते देतील ती ट्यूब एकेक करून पालथी घालत गेले.