माझंच रक्त, माझ्याच पाठीत

"कोटे से नौकरी, नाटक से छुट्टी."

मोठे डॉक्टर हे नर्सला सांगत होते. मी समोरच पलंगावर पडलेली. माझ्याशी कोण बोलतंय? सगळ्या वॉर्डाने ऐकलं. कुणीतरी हसलंसुद्धा.

भोपाळमधल्या कारखान्याच्या टाउनशिपचा दवाखाना. मी त्याच कारखान्यात वाइंडिंगला, मोटारींना तार गुंडाळायच्या कामाला. सिझेरियन झालं, मुलगी झाली. भुलीचं इंजेक्शन पाठीत दिलेलं. दुसऱ्या दिवशी उठून बसले आणि डोकं फुटायला लागलं. आडवी झाले की थांबायचं. बसले की पुन्हा तेच. मुलीला मांडीवर घेता येईना. डॉक्टर म्हणायचे, चाय पियो, चलो-फिरो. चालले. भिंत धरून ओकले. बाग सेवनियाच्या वस्तीतून आई सोबतीला आली होती. तिलाही वाटायला लागलं, पोरगी नखरे करते. ते मला फार लागलं.

पलीकडच्या अधिकाऱ्यांच्या खोलीतल्या बाई एकदा फिरता फिरता माझ्यापाशी थांबल्या. भल्या होत्या बिचाऱ्या.

"मुझे भी यही हुआ था. सुई के छेद से पीठ का पानी रिसता है. हाथ से अपना ही खून निकालकर वहां डाल देते हैं, बस. तुम्हारा नहीं किया?"

नव्हतं केलं. त्यांचं लगेच केलं होतं. इलाज याच दवाखान्यात होता, आणि मला चहा पाजत होते.

मोठे डॉक्टर राउंडला आले. म्हणाले, "उठो, घर जाओ."

मी पडूनच म्हणाले, "जो उस कमरे में किया, मेरा भी करो. तब तक नहीं उठूंगी."

"लेटकर बात करोगी हमसे?"

"हां. बैठ नहीं सकती, यही तो बीमारी है."

आईने माझा हात दाबला. "बाई, साहेबाच्या तोंडी लागू नको." मी हात सोडवून घेतला. इतकी थकले होते की भ्यायचंही त्राण उरलं नव्हतं.

मी उठलेच नाही. शेवटी संध्याकाळी भूल देणारे डॉक्टर आले. हातातून रक्त काढलं, कुशीवर वळवून पाठीत घातलं. पाठ जड झाली. बराच वेळ तशीच पडून राहिले. मग भीत भीत उठून बसले. डोकं दुखलं नाही. मुलीला मांडीवर घेतलं आणि रडले.

सकाळी मोठे डॉक्टर हसत आले. "आराम है ना? थैंक यू नहीं बोलोगी?"

आईने घाईघाईने हात जोडले. मी ते धरून खाली ओढले.

"आई, हात नको जोडू. रक्तसुद्धा माझंच होतं."

अजून त्याच कारखान्यात आहे. साहेब बदलतात, बोलणी तीच. मी थकते. पण माझ्या हक्काच्या गोष्टीसाठी मी कुणापुढे हात जोडणार नाही. मुलीलाही जोडू देणार नाही.